गुरुवारची विरळणी

"काळी मी बांधणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि हातातल्या फिती त्यांनी मॅडमच्या टोपलीत परत टाकल्या.

मॅडमना वाटलं, काका रुसले. गुरुवारच्या बागेत रुसवेफुगवे काही नवे नव्हते. पुनर्वसन रुग्णालयाच्या मागच्या अंगाला अर्धा एकर जागा होती आणि तिथे दर गुरुवारी सकाळी निवृत्त जवान, बंबवाले, अ‍ॅम्ब्युलन्सवाले असे दहाबाराजण खुरपी घेऊन बसत. नोकरीत नको ते फार पाहिलेल्या माणसांनी मातीत हात घातले की झोप सुधारते, चिडचिड कमी होते, असं रुग्णालयाचं म्हणणं. चिडचिड कमी होत होती की नाही देव जाणे, पण ती गुरुवारपुरती एका ठिकाणी गोळा होत होती, एवढं खरं. सुभेदार दोरी लावून रोपं रांगेत उभी करत आणि एखादं वाकडं आलं तर त्याच्यावर खेकसत. बंबवाल्या काकांना झारी म्हणजे पोरखेळ वाटे. ते नळी मागून घेत आणि वाफ्याला आग लागल्यासारखं पाणी मारत. त्यांची कोथिंबीर दोनदा वाहून गेली होती.

"अहो काका, नुसती खूण आहे ती," मॅडम म्हणाल्या. बागकामाचं शिक्षण घेऊन आलेल्या तिशीतल्या बाई, स्वभावाने गरीब. कुणाला कमी दिसतं, कुणाचा हात थरथरतो, म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. जुने टी-शर्ट कापून फिती केल्या होत्या. त्या काड्यांना बांधायच्या आणि काड्या रोपांशेजारी रोवायच्या. हिरवी म्हणजे राहू दे. पिवळी म्हणजे दुसरीकडे लावू. लाल म्हणजे कीड दिसतेय, लक्ष ठेवा. काळी म्हणजे उपटा. रंग त्यांनी सहज निवडले होते. घरात त्याच रंगांचे टी-शर्ट होते.

"गाजरं दाट उगवलीत. विरळणी तर करावीच लागणार ना? काही रोपं काढली तर बाकीच्यांना जागा मिळेल. सगळीच ठेवली तर एकही पोसणार नाही."

"ते मला माहीत आहे मॅडम," डॉक्टर म्हणाले. "मीच शिकवायचो ते, नव्या पोरांना."

मॅडमना काही कळलं नाही. शेजारच्या वाफ्यावर टोमॅटोची रोपं लावत बसलेल्या उस्तादांचा हात मात्र थांबला. त्यांनी मान वर केली नाही. अख्ख्या बागेत त्या चार रंगांचा दुसरा अर्थ ठाऊक असलेली माणसं दोनच होती आणि ती चौदा वर्षं एकमेकांशी बोलली नव्हती.

डॉक्टर काही खरे डॉक्टर नव्हेत. एकतीस वर्षं अ‍ॅम्ब्युलन्सवर अटेंडंट होते. मलमपट्टी, प्राणवायू, स्ट्रेचर, नळी, सुई, सगळं त्यांच्या हाताखालून जाई. त्यांचा रुबाब पाहून 'डॉक्टर' हे नाव त्यांना उस्तादांनीच ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं, की घरी बायकोसुद्धा रागावली की म्हणे, "या डॉक्टर, जेवायला बसा." उस्ताद गाडीचे ड्रायव्हर. नऊ वर्षं दोघं एका गाडीवर होते. एकाने डबा उघडला की दुसऱ्याने न विचारता त्यात हात घालायचा, अशी दोस्ती. फोन आल्यापासून दहा मिनिटांच्या आत पोचायचं हा उस्तादांचा हट्ट होता आणि तो ते सहसा मोडू देत नसत.

मग ती बस पुलावरून कोरड्या ओढ्यात पडली. दुपारची वेळ. सगळ्यात आधी यांचीच गाडी पोचली. चाळीस माणसं, आणि गाडीत जागा दोघांची. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असतं. अटेंडंटने पळत सगळ्यांना पाहायचं आणि प्रत्येकाच्या मनगटाला फीत बांधायची. हिरवी म्हणजे थांबू शकेल, पिवळी म्हणजे थोडा वेळ थांबेल, लाल म्हणजे आधी उचला. काळी म्हणजे याच्यावर वेळ घालवू नका. विचार करायचा नाही, एका माणसाला अर्धं मिनिट. एक माणूस सीटच्या सांगाड्याखाली छातीपर्यंत अडकला होता. डॉक्टरांनी पाहिलं, काळी बांधली आणि पुढे सरकले.

"अरे, हा बोलतोय अजून," उस्ताद मागून ओरडले. "पाणी मागतोय. डॉक्टर, काढ ती फीत."

"चल, गाडीत स्ट्रेचर घे."

"आधी ती फीत काढ."

लोक जमले होते. वेळ जात होता. डॉक्टरांचं डोकं सरकलं. "तू गाडी चालव," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तेवढंच येतं तुला."

उस्तादांनी गाडी चालवली. लाल फितीच्या दोघी, एक बाई आणि एक शाळकरी मुलगी, वेळेत पोचल्या आणि वाचल्या. दुसऱ्या खेपेला परत आल्यावर डॉक्टर बाकीच्यांकडे वळले आणि उस्ताद सरळ त्या सांगाड्यापाशी गेले. थोड्या वेळाने डॉक्टरांची नजर तिकडे गेली तर उस्ताद टोपी काढून दगडावर बसलेले. डॉक्टर तिकडे गेले नाहीत. काम होतं, हे खरं. जाववलं नाही, हेही खरं.

चौकशी झाली. डॉक्टरांनी सगळं नियमाप्रमाणे केलं असा निकाल लागला आणि प्रशस्तिपत्रक मिळालं. ते त्यांनी कपाटामागे सरकवून दिलं. उस्तादांनी दुसरी गाडी मागून घेतली. भांडण नाही, तंटा नाही. बोलणं तेवढं संपलं. डॉक्टरांना एकच गोष्ट विचारायची होती. तू परत गेलास तेव्हा तो जिवंत होता का? आणि एकच गोष्ट सांगायची होती. ती चार शब्दांची होती, तरी चौदा वर्षं घशाखालून वर आली नाही.

निवृत्तीनंतर डॉक्टर पहाटे उठून गॅलरीत बसू लागले. कुणी काही विचारलं की उत्तर दुसऱ्या हाकेला. शेवटी रुग्णालयाने बाग सुचवली. "झाडांशी बोलायला सांगितलंय यांना," बायको शेजारणीला म्हणाली. "बायकोशी बोलत नाहीत, ते झाडांशी काय बोलणार? पण जाऊ देत. गुरुवारी तरी मला गॅलरी झाडायला मिळेल."

पहिल्याच दिवशी शेजारच्या वाफ्यावर उस्ताद दिसले तेव्हा डॉक्टरांना वाटलं, पळून जावं. मग वाटलं, बरं झालं. आता बोलता येईल.

तर असा तो फितींचा दिवस. डॉक्टरांनी काळी बांधली नाही आणि गाजराचं एकही रोप टाकलं नाही. मॅडमची पाठ वळल्यावर त्यांनी दाट झुबक्यातली रोपं हळूच उपटली, चहाच्या कागदी कपांत माती भरून त्यांत लावली आणि सगळे कप पिशवीत घालून घरी नेले. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"गाजरं."

"मला कळतं गाजरं आहेत. बाथरूमच्या खिडकीत का आहेत? दात घासायला हात पुढे केला की कप पडतो. घर आहे की रोपवाटिका?"

"जगतील."

गाजर उपटून दुसरीकडे लावलं की नीट होत नाही, त्याला फाटे फुटतात, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टरांनी ते ऐकलंही होतं. कप वाढत गेले.

मॅडमची वेगळीच तक्रार होती. "माझ्या काळ्या फिती कोण नेतंय?" त्या दर गुरुवारी टोपली उलटीपालटी करत. "परवाच वीस कापून ठेवल्या होत्या. एक नाही."

"चिमण्या नेत असतील, घरट्याला," बंबवाले काका म्हणाले.

"काळ्याच?"

"चिमण्यांचीही आवडनिवड असते, मॅडम," सुभेदार गंभीरपणे म्हणाले.

तीनचार आठवडे कापून कापून मॅडम कंटाळल्या आणि त्यांनी काळ्या फितींचा नाद सोडला. उपटायच्या रोपांशी नुसती काडी रोवायची, असं ठरलं. डॉक्टरांना वाटलं, बाईंना आपलं मन कळलं असावं, म्हणून त्यांनीच बंद केल्या. त्यांनी मनातल्या मनात मॅडमचे आभार मानले.

आणि दर गुरुवारी डॉक्टर घरून ठरवून निघत, आज बोलायचं. बसमध्ये वाक्य जुळवत. 'उस्ताद, त्या दिवशी मी तुला जे बोललो...' बागेच्या फाटकापर्यंत वाक्य तयार असे. मग आत शिरलं की काहीतरी निघायचंच. आज सुभेदार फार जवळ बसलेत. आज ऊन फार आहे. आज उस्तादांचा चेहरा उतरलेला दिसतोय, आज नको. आज तर बराच आनंदात दिसतोय, कशाला त्याचा दिवस नासवा? बोलायचं नसलं की माणसाला कारणांची ददात पडत नाही.

उस्तादांचे टोमॅटो मात्र झकास आले. ते प्रत्येक रोपाला काठी देत आणि सुतळीने बांधत. त्यांचा हात पूर्वीसारखाच स्थिर होता. डॉक्टर चोरून बघत. गिअरच्या दांड्यावर हाच हात नऊ वर्षं त्यांच्या शेजारी होता.

अकराव्या गुरुवारी दोघं एकाच वेळी नळावर हात धुवायला आले. आजूबाजूला कुणी नव्हतं. सुभेदार फाटकाकडे गेले होते, मॅडम चहा ओतत होत्या. ऊनही फार नव्हतं. उस्तादांनी नळ सोडला, आधी डॉक्टरांना हात धुवू दिले आणि स्वतःचे हात पाण्याखाली धरत म्हणाले, "डॉक्टर, गाजरं फार दाट झालीत तुझी."

चौदा वर्षांनी त्या आवाजात ते नाव कानावर पडलं. सगळं वाक्य तोंडाशी आलं होतं.

"हं," ते म्हणाले.

उस्तादांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग नळ बंद केला, रुमालाने हात पुसले आणि चहाकडे गेले. डॉक्टर घरी जाताना सबंध रस्ता स्वतःला शिव्या देत होते. पण मनात एक सुखही होतं. सुरुवात झाली. पुढच्या गुरुवारी नक्की.

पुढच्या गुरुवारी उस्तादांचा वाफा रिकामा होता. सोमवारी सकाळी अंगणात स्कूटर धुताना ते बसल्या जागी कलंडले, असं सुभेदारांनी सांगितलं. "अ‍ॅम्ब्युलन्स आली होती. पण उशीर झाला."

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय किती?"

"किती मिनिटांत आली?"

सुभेदारांनी त्यांच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "मला काय माहीत हो? झालं ते झालं."

डॉक्टर दोनदा उस्तादांच्या घराकडे गेले. दोन्ही वेळा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी घेऊन परत आले. ते विडी ओढत नसत. बायकोने त्या दोन काडेपेट्या ओट्यावर पाहिल्या आणि काही विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी उस्तादांची बायको बागेत आली. हातात कापडी पिशवी. त्यात उस्तादांचं खुरपं, हातमोजे आणि बागेने दिलेला खाकी एप्रन होता, धुऊन घडी केलेला. "तुमच्या वस्तू परत द्यायच्या होत्या," त्या मॅडमना म्हणाल्या. "एप्रनच्या खिशात ह्या होत्या. धुताना काढून ठेवल्या. बागेच्याच असाव्यात म्हणून आणल्या."

त्यांनी पिशवीच्या तळातून एक गुंडाळी काढली. काळ्या फिती. एकात एक गुंतलेल्या, पन्नाससाठ तरी असतील.

"अगंबाई," मॅडम म्हणाल्या. "ह्या काका नेत होते? का पण?"

का ते डॉक्टरांना कळलं. ते गाजरांच्या वाफ्यावर उकिडवे बसले होते, तिथेच मातीत खाली बसले. मॅडम त्यांच्यासाठी पाणी आणायला गेल्या. उस्तादांची बायको जवळ आली आणि वाफ्याच्या कडेच्या विटांवर टेकली.

"ओळखलंत का भावोजी?"

"वहिनी, मी यायला हवं होतं."

"कोपऱ्यापर्यंत आला होतात. दुकानदार म्हणाला."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग चौदा वर्षांचं जे होतं ते त्यांनी एका दमात विचारून टाकलं. "वहिनी, त्या बसच्या वेळेला... त्या माणसाबद्दल तो कधी काही बोलला?"

"एकदाच. त्याच दिवशी घरी आल्यावर. तुम्ही परत गेलात तेव्हा होता म्हणे तो. पाचसात मिनिटं. ह्यांनी पाणी पाजलं. मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होता. मग गेला, ह्यांच्या हाताला धरून."

"म्हणजे आधीच उचलला असता, तर..."

"नाही हो. तेही विचारलं होतं मी. म्हणाले, फीत बरोबर होती. छातीखाली काही राहिलंच नव्हतं. त्याला घेतला असता तर ती मुलगी गेली असती. असं म्हणाले, आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपले."

"मग माझ्यावर राग कशाचा होता?"

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्हाला ठाऊक आहे कशाचा ते."

"तेवढंच येतं तुला," डॉक्टर पुटपुटले.

"हो. फार लागलं ते. पहिल्या मुलाच्या वेळी मला घेऊन गेले होते ना, तेव्हा गाडीत तुम्ही होतात. किती वर्षं सांगायचे, मी चालवली आणि डॉक्टरने सांभाळलं, दोघांनी मिळून आणलं पोराला. तेच तुम्ही असं बोललात. पण बागेत तुम्ही दिसलात, त्या दिवसापासून राग गेला होता. एक गुरुवार चुकवला नाही. ताप होता तरी आले. म्हणायचे, आज बोलेल बहुतेक."

"मीही दर गुरुवारी ठरवून यायचो वहिनी. खरंच यायचो."

"दुपारी घरी आले की मी विचारायचे, बोलले का? तर म्हणायचे, गाजरं काय दाट झालीत त्याची, बघवत नाही." त्या हसल्या आणि हसताहसताच त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मी म्हटलं, अहो, मग तुम्हीच बोला की आधी. कमीपणा येतो का? तर शेवटच्या गुरुवारी येऊन म्हणाले, बोललो आज. म्हटलं, मग? काय म्हणाले भावोजी?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"म्हणाले, 'हं' म्हणाला."

मॅडम पाण्याचा पेला घेऊन आल्या. डॉक्टरांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. वहिनी थोडा वेळ बसल्या, मग उठल्या. जाताना फितींची गुंडाळी त्यांनी डॉक्टरांच्या शेजारी विटेवर ठेवली.

बाकीची मंडळी चहा घेऊन पांगली. डॉक्टर उस्तादांच्या वाफ्यावर गेले. तीन आठवडे त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. टोमॅटो लगडले होते आणि त्यांच्या ओझ्याने रोपं काठीवरून सुटून मातीत लोळत होती. सुतळ्या सैल पडल्या होत्या.

डॉक्टरांनी गुंडाळी सोडवली. पहिलं रोप उचलून काठीला लावलं आणि काळ्या फितीने बांधलं. नोकरीत मनगटाला बांधत तशी. घट्ट, पण आत बोट जाईल एवढी सैल, म्हणजे काचत नाही. मग दुसरं. मग तिसरं. बोटांना सवय होती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी गाठी बसत गेल्या. "काका, सुतळी आहे आत, आणू का?" मॅडमनी लांबून विचारलं. डॉक्टरांनी मानेनेच नको म्हटलं.

सगळ्यात शेवटचं रोप कोपऱ्यात होतं. त्याचा दांडा बुडाशी मोडला होता आणि एका बाजूच्या सालीवर तेवढं ते अडकून होतं. पानं अजून हिरवी होती. डॉक्टरांनी एक नजर टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही. हे जगणार नव्हतं.

त्यांनी ते दोन्ही हातांनी सरळ केलं, काठीला टेकवून फीत बांधली. मघाचा पाण्याचा पेला गाजरांच्या वाफ्यावर तसाच होता. तो आणून त्यांनी हळूहळू सगळं पाणी त्याच्या मुळाशी सोडलं. मग ते तिथेच, रोपाशेजारी, मातीत बसून राहिले.

बारा वाजता मॅडम किल्ल्या घेऊन आल्या. "काका, फाटक लावायचंय. चलता ना?"

"तुम्ही व्हा पुढे," डॉक्टर म्हणाले. "मी थांबतो जरा याच्यापाशी."